घरात साखर नाही

कुणी वाटी घेऊन दारात उभं राहिलं की काकांचा चेहरा खुलायचा. आमच्या गल्लीत शेजारीपाजारी अजून वाटीभर साखर मागायला यायचे, नव्याने राहायला आलेले तर हमखास. काका दार अर्धं उघडायचे, वाटीकडे बघायचे आणि मान ताठ करून सांगायचे, "चीनी? घर में नहीं है."

समोरच्याला वाटायचं, संपली असेल. तो "कोई बात नहीं अंकल जी" म्हणून वळायचा. पण इतक्या सहज सोडतील तर ते काका कसले! "खतम नहीं हुई है," ते त्याला थांबवून सांगायचे, "है ही नहीं. हम रखते ही नहीं." तो बिचारा रिकामी वाटी घेऊन जायचा आणि पुन्हा काही मागायला यायचा नाही. साखर काय, विरजणसुद्धा नाही.

मी त्यांची भाडेकरू. पुण्याहून नोकरीसाठी दिल्लीला आले होते. ऑफिस गुडगावात आणि खोली करोल बागेच्या मागच्या गल्लीत, कारण "मराठी माणसाचं घर आहे" एवढ्या एका वाक्यावर आईने मला तिथे धाडलं होतं. पहिल्या मजल्यावर काका एकटे, त्यांच्या समोरच्या दारात एक पंजाबी आंटी एकट्या आणि गच्चीवरच्या खोलीत मी. अशा खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. एका जिन्यावर आम्ही तीन एकटी माणसं राहत होतो आणि आमचं बोलणंही जिन्यापुरतंच होतं.

काका केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. नोकरीभर लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले, मग हे घर घेतलं. फायली सुटल्या तरी फायलींची भाषा सुटली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि मी साखर मागितली तेव्हा म्हणाले, "प्रस्ताव नामंजूर." मला वाटलं, गंमत करताहेत. दालचिनी घातलेला, तोंड वाकडं करणारा चहा समोर आला. "याला इथे फिका म्हणतात," ते म्हणाले. "आपल्याकडे फिका म्हणजे रंग गेलेला. इथे फिका म्हणजे साखर नसलेला. मला दोन्ही लागू आहे."

त्याच बैठकीत त्यांनी मला दिल्लीचा पहिला धडा दिला. त्याची गरजही होती. दुपारीच ऑफिसच्या कँटीनमध्ये मी "दाल में मीठ ज्यादा है" अशी तक्रार केली होती आणि तिथला माणूस मला समजावत राहिला होता की मॅडम, दाल में मीठा तो हम डालते ही नहीं. हे ऐकून काका हसता हसता खोकायला लागले. "अगं, मीठ म्हणजे नमक. इथे मीठ म्हटलंस की या लोकांना साखर ऐकू येते. अख्खी नोकरी इथे काढली मी, पण या शब्दाला एकदासुद्धा चुकलो नाही."

साखरेचं नाव ते शक्यतो घेत नसत. "पांढरी" म्हणायचे. मी संध्याकाळी जिना चढायला लागले की दाराआडून आवाज यायचा, "आज पांढरी किती?" ऑफिसात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. मी म्हणायचे, "केकचा एवढासा तुकडा, काका." "एवढासा म्हणजे केवढासा? माहिती अपुरी आहे." मेट्रोत दोनदा चेंगरून आलेल्या माणसाला असं कुणी विचारलं की त्याचा गळा धरावासा वाटतो. पण हेही खरं, की कामाशिवायचा दुसरा प्रश्न दिवसभरात मला कुणी विचारलेला नसायचा. म्हणून मी थांबून नीट उत्तर द्यायचे.

त्यांच्याबरोबर किराणा आणायला जायचं म्हणजे लाज घरी ठेवून निघावं लागे. खिशात भिंग असायचं. बिस्किटं, पाव, लोणचं, केचप, हाताला लागेल त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायची आणि तीही मोठ्याने. "सिरप... माल्ट... डेक्स्ट्रोज... ही सगळी तिचीच टोपणनावं बरं का. नाव बदलून राहते, लबाड." मग ब्राउन ब्रेड दुकानदाराच्या नाकासमोर धरून विचारायचं, "इसमें ब्राउन क्या है? रंग?" मागे रांग खोळंबलेली. "अंकल जी, लेना है तो लो यार," कुणीतरी ओरडायचं. काका शांतपणे पाव जागेवर ठेवायचे आणि ओरडणाऱ्याच्या टोपलीत डोकवायचे. "बच्चे के लिए जूस लिया है? पीछे पढ़िए जरा. फल कम है, चीनी ज्यादा." एकदा एका बाईने खरंच वाचून पाहिलं आणि खोकं परत ठेवलं. त्या दिवशी काका घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

माझ्या ऑफिसने सगळ्यांच्या रक्ततपासण्या करवल्या आणि माझी साखर काठावर निघाली. आई फोनवर रडली. काकांना मात्र इतका आनंद झाला की तो लपवता येईना. भिंगाने रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "प्रकरण वेळेत आलंय. हाती घेतो." त्यांची पद्धत साधी होती. एकदम काही बंद करायचं नाही. "बंदचा आदेश काढला की जीभ संपावर जाते. जुनी कर्मचारी आहे ती. तिला कळू न देता कपात करायची." त्यांनी मला एक पसरट चमचा दिला. चमचा भरायचा आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचा. काही दिवसांनी सुरी जराशी आत दाबून ओढायची, मग आणखी जराशी. चहा मी माझ्या खोलीत करायचे, साखर माझी, पण कपातीचा हुकूम खालून यायचा.

आणि जिभेला खरंच कळलं नाही. थंडी सरेपर्यंत मी फिका चहा प्यायला लागले होते आणि दुधाला स्वतःची गोडी असते हे मला त्या वयात समजलं. दुपारी जेवल्यावर स्क्रीनसमोर डोळे मिटायचे, ते थांबलं. पुढची तपासणी चांगली आली. काका रिपोर्टवर बोट आपटून म्हणाले, "प्रकरण निकाली." मग भिंगाची काच पुसत राहिले. आता मला रोज विचारायला काही उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

दिवाळीत मात्र मला त्यांचा राग यायचा. दिल्लीत दिवाळी म्हणजे मिठाईचे डबे. गल्लीभर ते या दारातून त्या दारात फिरत असतात. काका डबा हातात घेतच नसत. "नहीं जी, हम नहीं खाते." समोरच्या आंटी दरवर्षी डबा घेऊन यायच्या. "आप मत खाइए अंकल जी, कोई आया-गया खा लेगा." काका म्हणायचे, "कोई आता-जाता नहीं." आंटी डबा परत घेऊन जायच्या. "दिल के बुरे नहीं हैं," जिन्यात मला सांगायच्या, "बस मिट्ठे से दुश्मनी है." पुढे त्याही यायच्या थांबल्या. मग दिवाळीतही काकांची घंटा वाजेनाशी झाली. जिन्यावरून जाताना मी बघायचे, काका इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसलेले असायचे. कुणी येईल म्हणून बसायचे, आणि कुणी आलं असतं तर त्याला नाहीच म्हणाले असते.

काकांचा मुलगा बंगळूरला. तो दिल्लीत वाढलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. "पापा, किती जिद्द करता तुम्ही!" तो फोनवर वैतागायचा. हिंदीतली त्याची जिद्द म्हणजे हट्ट. काका ती मराठीतली ऐकायचे आणि फोन ठेवल्यावर मला अभिमानाने सांगायचे, "जिद्द आहे म्हणाला माझ्यात." मी कधी खुलासा केला नाही.

काकूंबद्दल मला कळलं ते पाडव्याला. सणाच्या दिवशी एकटीने खायचं जिवावर आलं म्हणून मी केलेल्या श्रीखंडाची वाटी घेऊन खाली गेले. नामंजूर म्हणतील अशी तयारी ठेवूनच गेले होते. काकांनी ती हातात घेतली. वाटी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले आणि मग आपणहून बोलायला लागले.

काकू सांगलीच्या. कारल्यातही सढळ हाताने गूळ घालणाऱ्या, जेवण झाल्यावर चिमूटभर साखर तोंडात टाकल्याशिवाय न उठणाऱ्या. काकांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी बंद केली ती काकांची साखर. काकूंची तब्येत ठणठणीत होती. पण घरातले गोडाचे सगळे डबे त्यांनी स्वतः रिकामे करायला घेतले. "तुम्ही खाणार नाही आणि मी तुमच्यासमोर बसून खाऊ?" काका म्हणाले, बाहेर खात जा, मला कळणार नाही. "मला कळेल ना," काकू म्हणाल्या. मग त्यांना त्रास कमी व्हावा म्हणून काकांनी चमच्याची ती युक्ती काढली. माझ्याकडे आलेला चमचा काकूंचा होता.

"जमलं गं तिला," काका म्हणाले. "फार छान जमलं. मग तिला ते दुखणं निघालं, साखरेशी काही संबंध नसलेलं. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले, मागतील ते खायला द्या. मी जिलबी आणली, गरम. दिल्लीत नवे आलो तेव्हा रोज मागायची. तिने एक घास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हणाली, नको हो, फार गोड आहे."

ते अजून वाटीकडेच बघत होते. "तिची गोडी मी मोडली. आता एकट्याने कुठल्या तोंडाने खाऊ?"

मी वाटी तशीच वर घेऊन आले. मलाही ते श्रीखंड गेलं नाही.

काकांच्या गोळ्या जोरदार होत्या. साखर कधी फार खाली गेली तर असावी म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. मुलानेही सांगून पाहिलं. पण घरात साखर नाही म्हणजे नाही. रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा. काका गोळी घेऊन, पोहे झाकून ठेवून वाट बघत बसायचे, कारण "नाश्ता झाला?" असं त्याने विचारलं की "तुझ्याशी बोललो की करतो" असं सांगायला त्यांना आवडायचं. एका रविवारी नातवाची कसली तरी मॅच होती. फोन आला नाही. पोहे झाकलेलेच राहिले.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून आंटींची हाक ऐकली आणि धावले. काका आपल्या उंबऱ्यात बसले होते, घामाने निथळत, हात थरथरत होते. आपलं प्रेशर उतरलंय असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यावर मीठपाणी घेतात एवढं आठवत होतं. पण त्या अवस्थेत हिंदी कुठून आणणार? माणूस आजारी पडतो तो आपल्या भाषेतच पडतो. "मीठ," ते पुटपुटत होते. "पाण्यात मीठ... मीठ..."

"मिट्ठा!" आंटी ओरडल्या. "अंकल जी मिट्ठा माँग रहे हैं!" आणि आपल्या घरात पळाल्या.

मी मराठी. मला बरोबर कळलं की मीठ म्हणजे मीठ. मी काकांच्या स्वयंपाकघरात शिरून मिठाचा डबा शोधला आणि घेऊन आले, तोवर आंटींनी स्टीलच्या पेल्यात मूठभर साखर ढवळून आणली होती. काका तो पेला दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायले. हळूहळू थरथर थांबली. नंतर डॉक्टर म्हणाले, "शुगर गिर गई थी. नमक-पानी देकर बैठे रहते तो मुश्किल हो जाती." शब्द मी बरोबर ऐकला होता आणि आंटींनी चुकीचा. वाचवलं त्या चुकीने.

भानावर आल्यावर काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. "हे काय पाजलंत मला?"

"मिट्ठा जी," आंटी म्हणाल्या. "आप ही ने तो माँगा!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आंटींना वाटलं, उपकाराने भरून आलंय. मला माहीत होतं ते कशाचं होतं.

त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. आंटी विचारपूस करायला आल्या तर आतूनच "ठीक हूँ" म्हणायचे. "जान बचाई और अंकल जी नाराज," आंटी जिन्यात मला म्हणाल्या. मग मुलाचा फोन आला. माझ्यासमोरच आला. "पापा, डॉक्टर बोलले होते ना, चीनी जेब में रखो? घरात एक दाना नाही मिळाला. आता जिद्द नाही चालणार. घरात चीनी ठेवा, नाहीतर इकडे या. तिकडचा फ्लॅट विकून टाकू." या खेपेला काकांना जिद्दीचा अर्थ कळला.

ते घर काकूंचं होतं. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर त्यांनी लाल नेलपॉलिशने नावं घातली होती: चहा, रवा, मीठ, साखर. साखरेच्या डब्यात काका मेथीदाणे ठेवायचे, पण नाव त्यांनी पुसलं नव्हतं. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये या डब्यांना कुणी जागा दिली नसती. आणि इथे साखर आणायची तर काकूंनी सोडलेलं सगळं वाया गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला राहवलं नाही. "काका, काकूंनी साखर कशासाठी सोडली? तुम्ही जगावं म्हणूनच ना? मग त्याच कामासाठी ती परत घरात आली तर त्या रागावतील का?"

काका म्हणाले, "विचाराधीन आहे." पण आवाजात जोर नव्हता.

आंटींचा तो स्टीलचा पेला काकांच्या ओट्यावर तसाच पडून होता, घासून पुसून पालथा. मी म्हटलं, मी देऊन येते. "रिकामा कसा देणार?" काका म्हणाले. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. काकू ही रीत काटेकोरपणे पाळायच्या. आणि घरात साखर नव्हती. काका पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला घातल्या.

दुकानदाराचा विश्वास बसेना. "चीनी? अंकल जी, आप?" काकांनी भिंग काढलं नाही, काही वाचलं नाही. घरी येऊन मेथीदाणे दुसऱ्या डब्यात ओतले, काकूंचा डबा पुसला आणि त्यात साखर भरली. त्यातली थोडी पेल्यात घालून समोरची घंटा वाजवली. आंटींनी दार उघडून आधी पेल्याकडे बघितलं, मग काकांकडे. "ये क्या है जी?"

"मिट्ठा," काका म्हणाले, अगदी त्यांच्यासारखं.

त्या दिवाळीत आंटींचा डबा परत गेला नाही. काकांनी त्यातलं काही खाल्लं नाही, पण घंटा वाजली की डबा पुढे करायला शिकले. फार कुणी आलं नाही म्हणा. इतक्या वर्षांची सवय लोक एका दिवाळीत कशी सोडतील? पुढच्या उन्हाळ्यात मला पुण्याला बदली मिळाली. निघताना मी काकूंचा चमचा त्यांना परत दिला.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेले. पावसाळ्याचे दिवस होते, अंगाला कपडे चिकटत होते. जिना चढले तर आंटींच्या दाराला कुलूप. त्या कायमच्या चंदीगडला मुलीकडे गेल्या होत्या. बरसातीत एक मुलगा राहतो पण तो कानातून इअरफोन काढत नाही, असं काका म्हणाले. ते खूप वाळले होते. सदऱ्याच्या खिशातली साखरेची पुडी त्यांनी मी न विचारताच काढून दाखवली. "आदेशाचं पालन चालू आहे."

चहा त्यांनीच केला, दालचिनी घालून. मग फळीवरून साखरेचा डबा काढला. झाकण निघेना, ते मी काढून दिलं. आत साखरेचा एकच गोळा झाला होता. बऱ्याच दिवसांत त्यात चमचा गेलेला नव्हता. काका सुरीच्या टोकाने तो फोडायला लागले. "हवा दमट आहे ना," ते म्हणाले. "आणि येतं कोण." खडे बारीक करून त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला, वर काकूंचा चमचा ठेवला आणि तसेच उभे राहिले.

मी फिकाच चहा पिते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच शिकवला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलंही. पण ते असे उभे होते की मला बोलवेना. मी दोन चमचे घातले, शिगोशीग भरून, सपाट न करता. ढवळून घोट घेतला. गोडमिट्ट होता, घशाखाली उतरेना.

"फार गोड नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो काका. छान झालाय."

मी कप संपवला. काका बसले. त्यांनी किटलीतला उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि डबा पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"घे की आणखी. घरात आहे."